पाच वर्षांच्या मुलीला गडावर न्यावं का?

प्रश्न : आमची मुलगी पाच वर्षांची आहे. तिला गड चढायचा आहे. सासूबाई म्हणतात, अजून लहान आहे. मध्येच ‘उचलून घे’ म्हणाली तर?
– एक आई, चिंचवड

उत्तर : जरूर न्या. या वयाची मुलं उत्तम चढतात, फक्त वेग त्यांचा ठेवावा लागतो. पहिल्यांदा लोहगड निवडा. लोणावळा लोकलने मळवलीला उतरा आणि लोहगडवाडीपर्यंत वाहनाने जा. तिथवर चालत गेलात, तर तिची निम्मी ताकद पायथ्याशीच संपेल.

वाडीपासून वर बांधीव पायऱ्या आहेत. वाटेत गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. प्रत्येक दरवाजात बसा, दोन घोट पाणी आणि चिक्कीचा तुकडा द्या. ‘गड’ तिला दूरचा वाटतो, ‘पुढचा दरवाजा’ जवळचा. माकडं असतात, म्हणून खाऊ पिशवीतच ठेवा.

पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात आणि गर्दीही फार, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी लवकर निघा. बूट रोजच्या वापरातले हवेत. विंचूकाटा माची यंदा लांबूनच दाखवा. उतरताना तुमच्यापैकी एकाने तिच्या एक पायरी खाली राहावं.

‘उचलून घे’ म्हणाली, तर आधी बसवा, खायला द्या. तरीही नको म्हणाली, तर न रागावता परत फिरा. दोन दरवाजे चढली, तरी कौतुक पूर्ण करा. पुढच्या वेळी तीच तुम्हाला ओढत नेईल.