पहिलं सिझर, आता कळा आणायच्या : खर्चाचा अंदाज तीन बिलांचा घ्या

पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, ही रीत आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत पाळली जाते. त्यामुळे होतं काय, की पहिलं सिझर झालेलं असतं माहेरच्या तालुक्याच्या गावी, दुसऱ्या वेळी नाव घातलेलं असतं पुण्या-ठाण्याच्या दवाखान्यात, आणि पहिल्या बाळंतपणाची फाइल आईच्या कपाटात साड्यांखाली पडलेली असते. नवव्या महिन्यात डॉक्टर विचारतात, ‘मागच्या वेळी पिशवीवर छेद कसा घेतला होता?’ आणि घरात कुणालाच सांगता येत नाही.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं. तारीख उलटून पाच दिवस झाले होते, कळांचा पत्ता नव्हता. तिला नॉर्मलचा प्रयत्न करायचा होता, डॉक्टरांचीही तयारी होती. दवाखान्याने आधी दोन आकडे सांगितले होते : नॉर्मल ४५ हजार, सिझर ८५ हजार. आम्ही ८५ हजारांची सोय केली आणि निश्चिंत झालो. हातात बिल आलं ते १ लाख २६ हजार ८०० रुपयांचं. कळा आणायचा प्रयत्न आणि लेबर रूम १४,५००, सिझरचं पॅकेज ८५,०००, रात्रीच्या भूलतज्ज्ञांचे वरचे ६,०००, बाळाच्या डॉक्टरांचे ५,००० आणि औषधं-साहित्य १६,३००. यात फसवणूक नव्हती. प्रत्येक ओळीमागचं काम खरोखर झालं होतं. पण या तिसऱ्या बिलाबद्दल आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

सिझरनंतर कळा आणून नॉर्मलचा प्रयत्न करायचा असेल, तर बिलं तीन धरायची : नॉर्मल झालं तर किती, ठरवून सिझर केलं तर किती, आणि प्रयत्न करून मध्येच सिझर करावं लागलं तर किती. घरात पैशांची तयारी या तिसऱ्या आकड्याची हवी.

आधी वैद्यकीय हिशेब

पूर्वी एकच सिझर झालेलं असेल आणि पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या बहुतेक बायकांची प्रसूती नॉर्मल होते. शंभरातल्या साधारण ६० ते ८०. आधी एकदा तरी नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल तर हे प्रमाण ८५ ते ९० पर्यंत जातं. मागच्या सिझरचं कारणही महत्त्वाचं आहे. बाळ पायाळू होतं म्हणून सिझर झालं असेल, तर ते कारण या खेपेला असेलच असं नाही. कळा येऊनही पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं नाही म्हणून झालं असेल, तर यशाची शक्यता थोडी कमी धरतात.

मोठी भीती असते जुन्या टाक्यांच्या जागी पिशवी फाटण्याची. कळा आपोआप सुरू झाल्या तर हजारात साधारण ५ जणींना हा धोका असतो. कळा औषधाने आणल्या तर तो दुप्पट-तिप्पट होतो आणि मध्येच सिझर करावं लागण्याची शक्यताही साधारण दीडपट होते. दुसऱ्या बाजूला, प्रत्येक सिझरगणिक पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणाला चिकटून बसण्याचा धोका वाढत जातो. तिसरं मूल हवं असेल तर ही बाजू जरूर मोजावी. पिशवीवर उभा छेद असेल, पूर्वी पिशवी फाटलेली असेल किंवा वार तोंडाशी असेल, तर मात्र या प्रयत्नाचा विचारच करायचा नाही. दोन बाळंतपणांत फार कमी अंतर असेल तर डॉक्टर जास्त सावध असतात, आणि ते बरोबरच आहे.

कळा कशाने आणणार, हे विचारायला संकोच करू नका. जुने टाके असताना सहसा यांत्रिक उपाय आधी पसंत करतात : रबरी नळीच्या टोकाला पाण्याने फुगवायचा छोटा फुगा असतो, तो पिशवीच्या तोंडाशी बसवतात आणि तोंड हळूहळू उघडतं. पाणी फोडणं हाही एक मार्ग. सलाईनमधून ऑक्सिटोसिन देतात ते मोजून, पंपावर, बाळाचे ठोके सतत बघत. मिसोप्रोस्टॉल ही गोळी मात्र सिझर झालेल्या बाईला शेवटच्या तिमाहीत कळा आणण्यासाठी द्यायची नसते. कळा आणायच्या जेलबद्दलही सावधगिरीच बाळगतात. कुणी ‘एक छोटी गोळी ठेवू, सकाळपर्यंत मोकळी होईल’ म्हणालं, तर गोळीचं नाव विचारा.

घरीही एक पथ्य पाळा. तारीख उलटली की कुणीतरी प्रेमाने एरंडेल पाजायला सांगतं. पिशवीवर टाके असताना, ठोक्यांवर लक्ष ठेवायला कुणी नसताना, असले उपाय करायचे नाहीत.

पैसे नेमके कशाचे

ऑक्सिटोसिनची कुपी काही रुपयांचीच असते. फुग्याची नळीही फार महाग नसते. पैसे जातात ते वाट पाहण्याचे. आपोआप कळा सुरू झालेली बाई कळा घेऊनच दवाखान्यात येते. इंडक्शनमध्ये, म्हणजे बाहेरून कळा आणताना, मात्र दवाखान्यातला पहिला दिवस कळांशिवायच सुरू होतो. फुगा बसवल्यापासून बाळ होईपर्यंत चोवीस तास सहज जातात, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ लेबर रूम, ठोक्यांचा पट्टा काढणारं यंत्र, शेजारी बसलेली नर्स आणि हाकेच्या अंतरावर असलेलं ऑपरेशन थिएटर, या सगळ्याचं भाडं तुमच्या बिलात येतं.

आणि ते यायलाच हवं. पिशवी फाटायला लागली की पहिली खूण बहुतेक वेळा बाळाच्या ठोक्यांत दिसते. तिथून पुढचा खेळ मिनिटांचा असतो. ज्या दवाखान्यात रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ फोनवर उठवावे लागतात आणि शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायला तासभर लागतो, तिथे हे इंडक्शन वीस हजारांनी स्वस्त असलं तरी घेऊ नका. काटकसर खोलीत करा, इथे नको.

ढोबळ आकडे असे धरा. तालुक्याच्या चांगल्या नर्सिंग होममध्ये नॉर्मल २५ ते ४० हजार, सिझर ४५ ते ७५ हजार. पुणे-ठाणे-नाशिकच्या मध्यम दवाखान्यांत नॉर्मल ५० ते ८० हजार, सिझर ८० हजार ते सव्वा लाख. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांत नॉर्मलच लाखाच्या आसपास जातं आणि सिझर दीड ते अडीच लाखांपर्यंत. तिसऱ्या बिलासाठी तिथल्या सिझरच्या आकड्यावर तीस ते पन्नास टक्के जास्त धरून चला. कळा सोसवेनाशा झाल्या आणि पाठीतलं वेदनाशामक घ्यायचं ठरलं, तर शहरात आणखी दहा-पंधरा हजार. ते सिझरनंतरही घेता येतं, त्याने प्रयत्न बिघडत नाही.

खोलीचा वर्ग जपून निवडा. बऱ्याच रुग्णालयांत डॉक्टरांची आणि थिएटरची फीसुद्धा खोलीच्या वर्गावर ठरते. दोघींच्या खोलीऐवजी स्वतंत्र खोली घेतली की फक्त भाडं वाढत नाही, सगळं बिल वर सरकतं. शिवाय जुलै २०२२ पासून दिवसाला ५ हजारांहून जास्त भाड्याच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो.

रक्ताची सोय आधी करून ठेवायला सांगतात, ते ऐका. रक्त विकत मिळत नाही, प्रक्रियेचं शुल्क असतं. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२२ मध्ये एका पिशवीची कमाल मर्यादा सरकारी रक्तपेढीत १,१०० आणि खासगीत १,५५० रुपये ठेवली. विशेष तपासण्यांचे पैसे त्यावर वेगळे. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, त्याचे दोन-अडीच हजार बाजूला ठेवा.

बिलात सर्वांत बेभरवशाची ओळ बाळाची. एक-दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर दिवसाचे आठ-दहा हजार सहज होतात, मोठ्या रुग्णालयात जास्त. नवजात बाळांचा विभाग त्याच इमारतीत आहे की बाळ दुसरीकडे हलवावं लागेल, हे नाव घालतानाच विचारा. बाळ एका दवाखान्यात आणि टाके घातलेली आई दुसऱ्यात, ही वेळ पैशांपेक्षाही जीवाला फार लागते.

विम्याचं

घरच्या वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपण असलंच तर दोन ते चार वर्षांची प्रतीक्षा असते. दिवस राहिल्यावर घेतलेली पॉलिसी उपयोगाची नाही. नोकरीच्या गटविम्यात बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं, पण मर्यादा ५०-७५ हजारांच्या घरात असते आणि नॉर्मल-सिझरची वेगवेगळी असते. एचआरला तीन गोष्टी लेखी विचारा : प्रयत्नानंतर सिझर झालं तर मर्यादा कोणती धरणार, दाखल होऊन कळा आणण्यात गेलेला दिवस मान्य होणार का, आणि बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का. इंडक्शनची तारीख आधी ठरलेली असते, म्हणून कॅशलेसची मंजुरीही आधी घेता येते. नॉर्मलचं सिझर झालं की वाढीव मंजुरीचा कागद त्याच दिवशी पाठवायला सांगा, नाहीतर घरी जायच्या दिवशी तान्हं बाळ घेऊन संध्याकाळपर्यंत बिलाच्या खिडकीपाशी बसावं लागतं.

पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचं कार्ड बघा. कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा दुसऱ्या बाळंतपणालाही मिळते.

सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयं

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी रुग्णालयात प्रसूती मोफत, सिझरही मोफत. औषधं, तपासण्या, रक्त, सिझरनंतर सात दिवसांपर्यंतचं जेवण, घरून आणणं आणि घरी सोडणं यांपैकी कशाचेच पैसे नाहीत. गाडीसाठी १०२, आणीबाणीत १०८. सिझरनंतरच्या इंडक्शनसाठी मात्र प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा छोटं ग्रामीण रुग्णालय नको. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा चोवीस तास थिएटर आणि रक्तपेढी असलेलं जिल्हा किंवा महिला रुग्णालय गाठा. तिथे गर्दी असते, खाट वाटून घ्यावी लागते, बोलणं कधी तुटक असतं, हे खरं. पण रात्री दोनला भूलतज्ज्ञ इमारतीत असतात, आणि या बाळंतपणात त्याचं मोल फार आहे.

धर्मादाय रुग्णालयांत २० टक्के खाटा राखीव असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर उपचार मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलतीत. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड सातव्या महिन्यातच समाजसेवा विभागात नेऊन दाखवा. कळा सुरू झाल्यावर तहसील कचेरी गाठता येत नाही. आणि दुसरं अपत्य मुलगी झाली तर, पात्र कुटुंबाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ६ हजार रुपये मिळतात. त्याची नोंद आशाताई किंवा अंगणवाडीतून होते.

दवाखान्यात काय विचारायचं

महाराष्ट्राच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. त्या दरपत्रकासमोर उभं राहून विचारा : तिसरं बिल किती, त्यात लेबर रूमचे तास धरलेत का, रात्रीचा आणि रविवारचा वेगळा दर आहे का, औषधं पॅकेजमध्ये की बाहेर, बाळाच्या डॉक्टरांची फी कुठे. उत्तर त्यांच्या लेटरहेडवर घ्या. चांगला दवाखाना यावर चिडत नाही. डॉक्टरांना वेगळं विचारा : किती तास प्रयत्न करणार आणि कोणत्या वेळी थांबणार? ही वेळ आधी ठरलेली असली की रात्री दोनला नातेवाइकांत वाद होत नाहीत आणि बाईलाही आपण हरलो असं वाटत नाही.

आता पुन्हा त्या फाइलकडे. डिस्चार्ज कार्डावर ‘एलएससीएस’ लिहिलेलं असेल तर छेद पिशवीच्या खालच्या भागात आहे, एवढं कळतं. पण ऑपरेशनची सविस्तर नोंद मिळाली तर छेद पुढे वाढवावा लागला होता का, टाके कसे घातले, हेही समजतं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. पण डॉक्टरांवर ती जपून ठेवण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं आहे. बहिणीची नोंद आम्ही मागायला गेलो तेव्हा थोरलीला चौथं लागलं होतं आणि कागद रद्दीत गेले होते. तुमचं पहिलं मूल तीन वर्षांचं व्हायचं असेल, तर दुसऱ्याचा विचार असो वा नसो, या आठवड्यात माहेरच्या दवाखान्यात अर्ज द्या आणि ऑपरेशनच्या नोंदीची झेरॉक्स आणून ठेवा.