युद्धकैद्याचे कार्ड

पत्रलेखनाच्या तासाला गुरुजींनी घरगुती पत्र आणि कामाचे पत्र असे दोन प्रकार शिकवले. मी विचारले, लढाईत पकडलेला वैमानिक घरी लिहितो ते पत्र कोणते? गुरुजी म्हणाले, शोध आणि भित्तिपत्रकात लिही.

1949 साली जिनिव्हा येथे देशादेशांत करार झाला. भारत व पाकिस्तान दोघांनीही तो मान्य केला आहे. युद्धकैदी छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत त्याला घरी एक कार्ड पाठवू द्यावे, असा नियम आहे. पुढे महिन्याला निदान 2 पत्रे व 4 कार्डे. तिकीट लागत नाही. पण पत्र अधिकारी वाचतात, म्हणून मनातले सगळे लिहिता येत नाही.

दिवाळीनंतर आमच्या पाड्यावरची माणसे वीटभट्टीवर जातात. 'पोचलो, बरे आहोत' एवढा निरोप आला की मगच आजी पोटभर जेवते. त्या कार्डाचेही तेच काम.

1971 च्या युद्धात दिलीप परुळकर यांचे विमान 10 डिसेंबरला पडले. ते रावळपिंडीच्या छावणीत होते. तिथून ते दोन सोबत्यांसह भिंत फोडून पळाले आणि अफगाणिस्तानच्या सीमेजवळ सापडले. मला हाच भाग जास्त आवडला, पण विषय पत्रांचा आहे. 1 डिसेंबर 1972 ला ते भारतात परतले.

विजय तांबे यांचे सुखोई विमान 5 डिसेंबर 1971 ला पडले. पकडलेल्या वैमानिकांत 'टॉम्बे' असे नाव पाकिस्तानच्या एका वर्तमानपत्रात छापून आले. पण ते परत आले नाहीत. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्यांनी दिल्लीत किती अर्ज केले! 1983 साली आणि पुन्हा 2007 साली त्या पाकिस्तानात तुरुंगांतून शोध घ्यायला गेल्या. काही कळले नाही. अशा बेपत्ता जवानांच्या यादीत 54 नावे आहेत. पाकिस्तान म्हणते, आमच्याकडे कुणी नाही.

हे वाचून दाखवले तेव्हा आजी म्हणाली, "मेला म्हणून तरी सांगायचं होतं त्या पोरीला."

बाजूला मी कार्डाचा नमुना काढला आहे. त्यात नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता असे रकाने आहेत. खाली छापलेले असते : प्रकृती चांगली, जखमी, आजारी. लागू नसेल ते खोडायचे. कागद कमी पडल्याने अक्षर बारीक आले आहे, पालकांनी जवळ येऊन वाचावे.