शिळे पाणी

सोलापुरात कित्येक वर्षे नळाला रोज पाणी आले नाही. तीन-तीन, चार-चार दिवसांनी पाणी यायचे. पाणी आले की गल्लीत एकच धांदल उडते. घागरी, बादल्या, पिंप, सगळे भरायचे असते. त्याच घाईत पिंपात उरलेले पाणी 'शिळे' म्हणून गटारात ओततात. तुमच्या घरी असे होते का?

हे 'शिळे' पाणी येते कोठून, ते पाहा. सोलापूरजवळ हिप्परग्याचा तलाव आहे. तो इंग्रजांच्या काळात, १८७१ च्या सुमारास बांधून झाला. शहर वाढले, गिरण्या वाढल्या, तसा तो अपुरा पडू लागला. पुढे १९८० साली भीमा नदीवर उजनी धरण पूर्ण झाले. ते शहरापासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. तेथून पंपांनी पाणी उचलून पाकणी येथे शुद्ध करतात. वीज गेली की पंप थांबतात आणि तुमच्या नळाची पाळी पुढे जाते. वर्षानुवर्षे धरणातून नदीतही पाणी सोडले गेले आणि ते टाकळीजवळ उचलले गेले. वाटेत काही पाणी ऊन पिते, काही वाळू पिते. म्हणून शहराला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावे लागे. हा तोटा टळावा म्हणूनच पुढे उजनीपासून दुसरी जलवाहिनी टाकण्यात आली.

इतका प्रवास करून आलेले पाणी चार दिवसांत शिळे होते काय? भाकरी शिळी होते. झाकलेले पाणी धुण्याभांड्यांना, झाडांना खुशाल चालते. मात्र उघड्या पिंपात डास अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. म्हणून पिंपावर झाकण किंवा फडके बांधा. आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून घासा आणि ते पाणी झाडांना घाला.

आता एक हिशेब करा. गळक्या नळातून दर सेकंदाला एक थेंब पडतो असे समजा. वीस थेंबांचे साधारण एक मिलिलिटर होते. दिवसभरात किती पाणी जाईल? उत्तर चार लिटरांहून जास्त येईल. वजू करताना नळ सोडून ठेवला, तर तेवढे पाणी थोड्याच वेळात जाते. लोट्याने वजू केला, तर एक-दोन लिटर पुरतात. आपले आजी-आजोबा तसेच करीत.

काही जण नळालाच मोटार लावतात. त्यांची टाकी भरते, पण गल्लीच्या टोकाच्या घरी थेंबही पोचत नाही. शिवाय नळात पाण्याचा जोर उरला नाही, की फुटक्या जागेतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. ते मग मोटारवाल्याच्याही पिंपात येते.

उद्या पाणी आले की आधी पिंपाचे झाकण उघडून किती पाणी उरले आहे ते पाहा. ते दोन बादल्यांत काढून घ्या, आणि मगच नळाखाली पिंप लावा.