सूर्यनमस्कारात नेमकी किती ऊर्जा खर्च होते?

बंगळुरू आश्रमात पहाटेचे योगसत्र संपवून तुम्ही नाश्त्याला निघालात की हा हिशोब कधी ना कधी मनात येतोच: एका सूर्यनमस्कारात 13.9 कॅलरी, म्हणजे बारा नमस्कारांत जवळजवळ 167!

13.9 हा आकडा खोटा नाही, पण तो कसा मिळाला ते पाहा. भारतीय लष्करातील जवानांचा प्राणवायूचा वापर मोजून केलेल्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला तो आहे. तिथे एक नमस्कार अतिशय संथ होता. बारा स्थिती पूर्ण व्हायला सुमारे 3 मिनिटे 40 सेकंद लागत. म्हणजे मिनिटाला 3.79 कॅलरी.

तुम्ही एक नमस्कार किती वेळात घालता? अर्ध्या मिनिटात? मग 13.9 धरल्यास मिनिटाला जवळपास 28 कॅलरी होतात. एक लिटर प्राणवायू वापरला की शरीर साधारण 5 कॅलरी खर्च करते. या हिशोबाने मिनिटाला साडेपाच लिटर प्राणवायू लागेल! तेवढा जागतिक दर्जाच्या नौकानयनपटूंनाच वापरता येतो.

भरभर नमस्कारांसाठी 2011 सालचा एक अभ्यास जवळचा वाटतो. त्यात 60 किलो वजनाच्या व्यक्तीला अर्ध्या तासाच्या सत्रात 230 कॅलरी लागल्या, मिनिटाला साडेसात-पावणेआठ. अभ्यासात भाग घेणारे मोजके आणि तरुण होते, तेव्हा हाही अंदाजच. तुमचे वजन 75 किलो असेल तर आकडा सव्वापट धरा.

तर 60 किलोच्या साधकाचे सहा मिनिटांतले बारा नमस्कार साधारण 45 कॅलरींचे. अर्धी पोळी! त्यातही मिनिटाला एखादी कॅलरी नुसते बसूनही गेलीच असती.

घामावरून मात्र अंदाज बांधू नका. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या बंगळुरूत पहाटे गारवा असतो. तेच नमस्कार मुंबईच्या दमट हवेत घातले की सदरा भिजतो, पण कष्ट तेवढेच.

म्हणून नमस्कारांऐवजी मिनिटे मोजा. उजवा-डावा मिळून एक की दोन, हा वादही मग उरत नाही. आणि 167 हव्याच असतील तर बारा नमस्कारांना 44 मिनिटे द्या, प्रत्येक स्थितीत श्वास पूर्ण होऊ देत.