आरसा गेला, लेन्स राहिल्या

हिवाळ्यात पहाटे जळगावच्या मेहरूण तलावावर फिरायला येणाऱ्यांत काही जणांच्या गळ्यात कॅमेरा असतो. खंड्या पाण्यात सूर मारायच्या बेतात आला की पूर्वी काठावरून एकदम ‘खटाक्, खटाक्’ सुरू व्हायचं. हा आवाज आता कमी झाला आहे. एसएलआर कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला आतला आरसा वर उचलला जातो, त्याचा तो आवाज. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही.

हा बदल एका दिवसात झाला नाही. पॅनासॉनिकचा जी1 हा पहिला असा कॅमेरा 2008 मध्ये आला. सोनीने 2013 मध्ये ए7 काढून मोठा, फुल फ्रेम सेन्सर लहान बॉडीत बसवला. कॅनन आणि निकॉन 2018 मध्ये पूर्ण ताकदीने या बाजूला वळले आणि 2020 नंतर दोघांनीही नवा एसएलआर आणलेला नाही. पेंटॅक्सने मात्र आरशाची साथ सोडलेली नाही. मीही हा बदल केला, तलावावर येणाऱ्या इतर काहींनीही केला. ज्यांना आता करायचा आहे त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

पहिली गोष्ट वजनाची, कारण बहुतेकांना मोह तिथेच पडतो. निकॉनचा एसएलआर डी850 बॅटरी-कार्डासह 1005 ग्रॅम, तर मिररलेस झेड7 फक्त 675 ग्रॅम. दुकानात हातात घेतला की फरक लगेच जाणवतो. पण पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस नुसती बॉडी घेऊन फिरत नाही. त्याच्याकडे 200-500 मिलिमीटरची लेन्स असते, ती 2300 ग्रॅमची. ती नव्या बॉडीला जोडायला अडॅप्टर लागतो, त्याचे आणखी 135 ग्रॅम. बेरीज केली तर वाचतात जेमतेम दोनशे ग्रॅम. लग्नात किंवा प्रवासात लहान लेन्स वापरणाऱ्याचा खांदा खरोखर हलका होतो. पक्षीवाल्याने त्या आशेवर पैसे घालू नयेत.

अडॅप्टरमुळे फसगत झालेला एक जण आमच्यातच आहे. दुकानदाराने त्याला सांगितलं, ‘तुमच्या सगळ्या जुन्या लेन्स चालतील.’ लेन्स बसल्या खऱ्या. पण त्याच्या एएफ-डी प्रकारच्या जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटरच नव्हती. ती मोटर जुन्या बॉडीत होती आणि निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती नाही. ऑटोफोकस बंद, प्रत्येक फोटोला हाताने कडं फिरवायचं. उडत्या पक्ष्यापुढे त्याचा काय निभाव लागणार? ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे त्या, म्हणजे एएफ-एस, याच अडॅप्टरवर व्यवस्थित चालतात. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये 1987 पासून मोटर लेन्समध्येच असल्याने त्यांच्या ग्राहकांना हा त्रास झाला नाही. म्हणून दुकानात जाताना घरातली प्रत्येक लेन्स पिशवीत घालून न्यावी, तिथेच लावून पाहावी आणि मगच पैसे मोजावेत. लेन्स हीच छायाचित्रकाराची खरी पुंजी असते.

बॅटरीचाही विचार आधीच करावा. एसएलआरमध्ये डोळ्याला दिसतं ते काचेतून आणि आरशावरून आलेलं, त्याला वीज जवळपास लागत नाही. मिररलेसमध्ये सेन्सर आणि डोळ्यापुढचा छोटा पडदा सतत चालू असतो. प्रमाणित चाचणीत डी850 एका बॅटरीवर 1840 फोटो काढतो, झेड7 330. भराभर फोटो काढले तर प्रत्यक्षात आकडा बराच वाढतो, पण टिबुकली पाण्याबाहेर कधी येते याची वाट बघत डोळा लावून बसलं की फोटो न काढताही बॅटरी उतरते. एक जादा बॅटरी खिशात हवीच, लग्नाचं काम घेणाऱ्याकडे दोन.

मग बदलायचं कशासाठी? त्या छोट्या पडद्यासाठीच. गडद पाण्यावर उभा असलेला पांढरा बगळा एसएलआरवर हमखास दगा द्यायचा. पिसांचा पोत उडून नुसता पांढरा ठिपका उरायचा आणि ते फोटो काढल्यावर कळायचं. आता फोटो कसा येणार ते बटण दाबण्याआधी दिसतं. शिवाय नवे कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरून ठेवतात. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे.

आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर मात्र जपून वापरावं. बहुतेक सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतात, त्यामुळे वेगाने हलणारे पंख वाकडे येतात. विसर्जनाच्या रात्री मेहरूणवर किंवा लग्नाच्या मंडपात एलईडी दिव्यांखाली फोटोवर पट्टे उमटतात. तिथे मेकॅनिकल शटरच लावावं. निकॉन झेड9 मध्ये मेकॅनिकल शटर नाही, पण त्याचा सेन्सर फार वेगाने वाचतो. त्याची किंमतही तशीच आहे.

खानदेशात धूळ आणि ऊन यांचा हिशेब वेगळा करावा लागतो. लेन्स काढली की अनेक मिररलेसमध्ये सेन्सर थेट उघडा पडतो, पुढे आरशाचा आडोसा नसतो. कॅमेरा बंद करून, वाऱ्याकडे पाठ करून, तोंड खाली धरूनच लेन्स बदलावी. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना कॅमेरा बंद गाडीत ठेवू नये, आणि उन्हात लांब व्हिडिओ काढताना तो तापून बंद पडू शकतो हे ध्यानात असावं. सकाळ वर चढल्यावर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, लांबचा पक्षी धूसर येतो. त्यावर कोणत्याच कॅमेऱ्याकडे इलाज नाही. लवकर यावं, एवढंच.

प्रत्येकाने बदलायलाच हवं असंही नाही. चाळीसगावचे केकी मूस स्टेशनजवळच्या आपल्या घरातून क्वचितच बाहेर पडत आणि टेबलावर मांडणी करून त्यांनी अव्वल दर्जाचे फोटो काढले. घरात, स्टँडवर, सावकाश काम करणाऱ्याला आजही एसएलआर पुरतो, आणि सेकंडहँड बाजारात तो स्वस्त झाला आहे. घेताना शटर किती वेळा पडलं आहे ते तपासून घ्यावं. नवा कॅमेरा घेणाऱ्याने पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी सोडू नये.

जुना कॅमेरा लगेच विकू नका. नव्यावर एक पूर्ण हिवाळा काढा, आणि मग जुना द्यायचाच झाला तर फोटो शिकू पाहणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला परवडेल अशा किमतीत द्या.