पायथनचा शब्दकोश : आवृत्ती आणि पद्धती

ग्रंथ हाती घेतला की प्रथम त्याची आवृत्ती पाहावी, हा इतिहासाच्या अभ्यासाचा पहिला पाठ होय. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. म्हणून 'मोल्सवर्थमध्ये असे आहे' एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या आवृत्तीत, हेही सांगावे लागते. संगणकाच्या भाषांनाही हाच नियम लागू पडतो, आणि म्हणूनच इतिहासाचे अध्यापक असूनही आम्ही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

आपल्या वसतिशाळेतून बाहेर पडलेली मुलेमुली पुढे पायथन ही भाषा शिकू लागतात, तेव्हा अनेकांच्या हाती पहिले पुस्तक येते ते मोठ्या भावंडाचे किंवा जुन्या बाजारातले. त्यातील उदाहरण अक्षरशः उतरवूनही संगणक ते नाकारतो. अशा वेळी मूल आपल्याच बुद्धीवर शंका घेते. वस्तुतः पुष्कळदा पुस्तक एका आवृत्तीचे आणि संगणकावरील भाषा दुसऱ्या आवृत्तीची, एवढेच घडलेले असते.

पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९९१ साली प्रथम प्रसृत केली. तिच्यात 'डिक्शनरी' नावाची एक रचना आहे. छापील कोशात शब्द आणि त्याचा अर्थ असतो, तसे येथे 'की' आणि तिचे मूल्य असते. समजा, मालवण बंदरावरील मासळीचे भाव नोंदवावयाचे आहेत : बांगडा, सुरमई, पापलेट या झाल्या 'की' आणि प्रत्येकाचा भाव हे त्याचे मूल्य. या कोशाला प्रश्न विचारण्याच्या ज्या रीती, त्यांना 'मेथड' म्हणजे पद्धती म्हणतात. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथनची तिसरी आवृत्ती आली आणि यांतील काही पद्धती बदलल्या.

पहिला बदल चौकशीचा. कोशात सुरमई आहे की नाही, हे पूर्वी 'हॅज-की' या पद्धतीने विचारता येत असे. तिसऱ्या आवृत्तीत ती काढून टाकली गेली. आता 'इन' हा साधा शब्द वापरावयाचा : सुरमई या कोशात आहे काय? हा पर्याय २००१ सालच्या २.२ आवृत्तीपासूनच उपलब्ध होता. ज्यांनी तो वेळीच आत्मसात केला, त्यांना २००८ साली या बाबतीत काहीच बदलावे लागले नाही.

दुसरा बदल अधिक खोल आहे. 'कीज', 'व्हॅल्यूज' आणि 'आयटम्स' या पद्धती पूर्वी यादी देत. ती यादी म्हणजे त्या क्षणी उतरवून घेतलेली नक्कल. नंतर कोशात पेडवे जोडले, तरी नकलेत ते दिसत नसत. आता या पद्धती 'व्ह्यू' देतात. व्ह्यू म्हणजे कोशाकडे उघडणारी खिडकी : कोशात जे घडेल, ते खिडकीतून दिसेल. नक्कल करावी लागत नसल्याने स्मृतीची जागा वाचते. मात्र खिडकीला 'पहिली नोंद दे' असे क्रमांकाने सांगता येत नाही. त्यासाठी आधी 'लिस्ट' वापरून यादी करावी लागते. तसेच खिडकीतून एकेक नोंद पाहत असतानाच कोशात नवी भर घातली किंवा नोंद पुसली, तर संगणक चूक दाखवितो. 'इटर-आयटम्स' आदी जुन्या काटकसरीच्या पद्धतींचे प्रयोजनही यामुळे संपले आणि त्या वगळल्या गेल्या.

तिसरा बदल क्रमाचा. छापील कोश वर्णानुक्रमाने चालतो. पायथनच्या कोशात मात्र नोंदी कोणत्या क्रमाने बाहेर येतील, याची पूर्वी हमी नव्हती. २०१८ सालच्या ३.७ आवृत्तीपासून ती मिळाली : ज्या क्रमाने नोंदी घातल्या, त्याच क्रमाने त्या येतील. हा वर्णानुक्रम नव्हे, हे ध्यानी ठेवावे. तो हवा असल्यास 'सॉर्टेड' वापरावे. पुढे २०२० सालच्या ३.९ आवृत्तीत दोन कोश उभ्या रेघेने जोडण्याची सोय झाली. मालवण आणि देवगड येथील भावांचे कोश असे जोडले आणि दोन्हींत सुरमई असली, तर उजवीकडील कोशातला भाव टिकतो.

या साऱ्या स्थित्यंतरात आम्हांस महत्त्वाची वाटते ती मुदत. जुन्या २.७ आवृत्तीचा सांभाळ २०१५ साली थांबावयाचा होता. लोकांची अडचण पाहून ती मुदत १ जानेवारी २०२० पर्यंत वाढविण्यात आली. जुने मोडावे, पण का मोडले ते सांगावे, पर्याय आधी हाती द्यावा आणि शिकण्यास अवधी द्यावा, हा विवेक त्यात आहे. मात्र ही सूचना ज्याच्यापर्यंत पोहोचते, त्यालाच अवधीचा लाभ होतो. जुने पुस्तक घेऊन एकटे बसलेल्या मुलापर्यंत ती कोण पोहोचविणार?

येथे पालकांनाही हातभार लावता येईल, आणि त्यासाठी संगणकाचे ज्ञान असण्याची गरज नाही. पुस्तकातील उदाहरणांत 'प्रिंट' या शब्दापुढे कंस आहे का, एवढे पाहावे. सर्वत्र कंसाविना 'प्रिंट' आढळले, तर पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचे समजावे. विद्यार्थ्यांनी पद्धतीचे नाव पाठ करण्याबरोबरच ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे समजून घ्यावे. 'सुरमई आहे काय?' हा प्रश्न दोन्ही आवृत्त्यांत एकच आहे. बदलली ती विचारण्याची रीत. प्रश्न ज्याला कळला, तो नवी रीत शोधून काढतो.

माजी विद्यार्थ्यांस एक विनंती. शाळेच्या ग्रंथालयास आपली पुस्तके अवश्य द्यावीत. परंतु देताना आतील पानावर प्रकाशनाचे वर्ष आणि भाषेची आवृत्ती ठळक अक्षरांत लिहावी. ती एक ओळ वाचून आपल्या मागून येणारे एखादे मूल स्वतःला मंदबुद्धी समजण्यापासून वाचेल.