गावाची सामाईक जमीन गावाच्या हाती कशी राहील?



सिहोरा परिसर म्हटला की धानाच्या बांध्या, वैनगंगा व बावनथडीचे पाणी आणि चांदपूरचा तलाव डोळ्यांपुढे उभा राहतो. आपल्या सातबाऱ्यावरील जमिनीची आपण डोळ्यांत तेल घालून काळजी घेतो. धुरा हातभर सरकला तरी मोजणी मागतो. परंतु ज्या पडिकावर आपली गुरे चरतात, ज्या आखरावर ती जमतात, ज्या बोडीचे पाणी आपल्या बांध्यांना मिळते, त्या जमिनीचा कागद आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? ही जमीन सर्वांची म्हणून कोणीच पाहत नाही. मग एके दिवशी तेथे कोणाचे कुंपण दिसते आणि गावात भांडण सुरू होते. गुरचरण गेले की दावणीच्या गुरांना वर्षभर विकतचा चारा घालावा लागतो. नुसत्या तणसावर दुभते जनावर टिकत नाही. म्हणून हा विषय थेट आपल्या संसाराचा आहे.

जुनी व्यवस्था काय होती?

पूर्व विदर्भात पूर्वी मालगुजारी होती. तरीही गावकऱ्यांना चराई, जळाऊ लाकूड, शेतीच्या अवजारांसाठी लाकूड व तलावाचे पाणी यांचे हक्क होते. यालाच आपण निस्तार म्हणतो. हे हक्क व गावाच्या रूढी निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या कागदांत नोंदलेल्या असत. १९५० च्या कायद्याने १९५१ मध्ये मालगुजारी संपली. जंगल, पडीक व तलाव शासनाकडे आले. शोषण थांबले हे चांगलेच झाले. परंतु तलावाची पाळ बांधणे, पाट साफ करणे ही गावाने मिळून करावयाची कामे अनेक ठिकाणी मागे पडली. हक्काची नोंद दप्तरात राहिली आणि राखण करणारे हात कमी झाले.

भूदान ते ग्रामदान

मालगुजारी संपली त्याच वर्षी, १८ एप्रिल १९५१ रोजी, तेलंगणातील पोचमपल्ली येथे आचार्य विनोबा भावे यांना पहिले भूदान मिळाले. आपल्याच विदर्भातील पवनार येथे त्यांचा आश्रम होता. भूदानात एकेक शेतकरी भूमिहीनासाठी जमीन देई. ग्रामदानात विचार पुढे गेला. जमिनीची मालकी गावाची, कसणारा मात्र तोच शेतकरी आणि त्याच्यामागे त्याचे वारस. विनोबांच्या सुलभ ग्रामदानात विसावा हिस्सा जमीन भूमिहीनांसाठी आणि चाळिसावा हिस्सा उत्पन्न ग्रामकोषासाठी, अशी मांडणी होती. जमीन गावाबाहेरच्या माणसाला विकली जाऊ नये, हा त्यातील मुख्य हेतू. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ चा ग्रामदान अधिनियम आहे.

मेंढा गावाने काय केले?

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे शंभराच्या आसपास घरांचे गोंड आदिवासी गाव आहे. १९८० च्या दशकात इंद्रावती व गोदावरीवरील मोठ्या धरणांविरुद्ध आदिवासींनी जे आंदोलन केले, त्यातून हे गाव जागे झाले. गावाचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी पुढे अनेक वर्षे मिळून काम केले. आमच्या गावात आम्हीच सरकार, ही या गावाची घोषणा सर्वत्र पोहोचली.

या गावाच्या कामातील तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, अभ्यास गट. कायदा, जंगल, हिशेब यांवर गावकरी बसून चर्चा करीत. बाहेरचा मित्र माहिती देई. निर्णय ग्रामसभा घेई.

दुसरी, सर्वसहमती. बहुमताने निर्णय घेतला तर हरलेला गट पुढे नियम मोडतो. म्हणून एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला येई. वेळ जास्त लागला, पण घेतलेला निर्णय टिकला.

तिसरी, चिकाटी. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारी वाहतूक परवान्याची पुस्तिका एप्रिल २०११ मध्ये हाती आली. २०१३ मध्ये गावाने आपली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली गावाच्या नावे करण्याचे ठरविले. त्याच्या शासकीय मान्यतेसाठी पुन्हा कित्येक वर्षे पाठपुरावा करावा लागला.

आपल्या गावात काय करावे?

प्रत्येक गावाने ग्रामदान करावे असे आमचे म्हणणे नाही. सिहोऱ्यासारख्या बाजारपेठेच्या गावाची घडी वेगळी, जंगलाला लागून असलेल्या टोल्याची वेगळी. परंतु पुढील कामे कोणत्याही गावाला करता येतात.

१) कागद गोळा करावेत. तलाठी व तहसील कार्यालयातून गाव नकाशा, गाव नमुना १, वन जमिनीचा नमुना १-अ व अतिक्रमणाचा नमुना १-ई यांच्या नकला घ्याव्यात. निस्तारपत्रक (जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १६१) व वाजिब-उल-अर्ज (कलम १६५) आवर्जून मागावेत.

२) शिवारफेरी करावी. नकाशा हाती घेऊन जाणते वडीलधारे, गुराखी, ढीवर बांधव व महिला यांच्यासह गुरचरण, आखर, बोडी, पाट व वाटा पाहाव्यात. सरपण व मोहफूल कोठून आणतात हे महिलांना जास्त ठाऊक असते.

३) जंगल लागून असल्यास सामूहिक दावा करावा. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे ग्रामसभेने १० ते १५ सदस्यांची वनहक्क समिती निवडावी. त्यात किमान एक तृतीयांश महिला असाव्यात. दावा मंजूर करण्याच्या ग्रामसभेस गावातील निम्मे सदस्य हजर हवेत. किमान दोन पुरावे जोडावेत. जुने निस्तारपत्रक व वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब येथे उपयोगी पडतात. दावा उपविभागीय समितीकडे व तेथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

४) गुरचरणावरील अतिक्रमणाबाबत ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा. गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंह प्रकरणात सर्व राज्यांना बजावले आहे.

५) राखणीचे नियम करावेत. कोणता तुकडा केव्हा चराईला बंद, पाळीने राखण कोणाची, दंड किती, हे सर्वांसमोर ठरवून लिहून ठेवावे. उत्पन्न आल्यास हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. पैशाचा संशय शिरला की सामाईक काम मोडते.

गैरसमज टाळावेत

सामूहिक वनहक्क म्हणजे जमिनीचे वाटप नव्हे. तो राखण्याचा, वाढविण्याचा व वापरण्याचा हक्क आहे. तो विकता येत नाही आणि त्याचे हिस्से पडत नाहीत. बिगर आदिवासी कुटुंबांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. तसेच भूमिहीन कुटुंबाने पोटासाठी कसलेला तुकडा आणि धनवंताने घातलेले कुंपण यांना एकाच मापाने मोजू नये. गरिबाचा प्रश्न ग्रामसभेत आधी सोडवावा, म्हणजे तोच पुढे राखणदार होतो.

कागदावर नोंद, ग्रामसभेचा निर्णय आणि रोजची राखण, या तीन दोरांनी सामाईक जमीन गावाला बांधलेली असते. एक दोर तुटला तर उरलेले दोन फार दिवस तग धरत नाहीत. यंदा धानाची कापणी आटोपली, की हाताला थोडी उसंत मिळेल. तेव्हा पहिली शिवारफेरी अवश्य काढावी.